पॉलिशनंतर मारलेलं वॅक्स महिनाभरात गायब होतंय? नवीन बाटली मागवायच्या आधी हे बघा

"अरे परवाच पॉलिश करून घेतलं, वरून चांगलं महागातलं वॅक्स मारलं, आणि आता बघ, पाणी टाकलं की नुसतं पसरतंय. तू कुठलं वापरतोस? तेच मागवतो." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा बोलायला लागला की पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. मी काही डीटेलिंगवाला (गाड्या पॉलिश-कोटिंग करून देणारा) नाही, नोकरी भलतीच आहे, पण शनिवार-रविवार पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आधी स्वतःची गाडी, मग मेव्हण्याची, मग खालच्या मजल्यावरच्या काकांची असं करत करत बऱ्याच गाड्यांवर हात मारून झालाय आणि हा एकच फॉल्ट परत परत निस्तरलाय. बहुतेक वेळा बाटलीचा दोष नसतो. एकतर खाली पॉलिशचं तेल तसंच राहिलेलं असतं, नाहीतर रोज सकाळी कुणीतरी बादली आणि फडकं घेऊन तुमचं वॅक्स इमानदारीत काढून टाकत असतं. म्हणून खाली दिलंय त्याच क्रमाने जा, सुरुवातीचं सगळं फुकट आहे, पैसे खर्च करायचं नंतर.

आणि एक आधीच क्लिअर करतो. हे सगळं पॉलिश केलेल्या, म्हणजे मशीनने हलकं घासून ओरखडे काढलेल्या, कंपनी पेंटबद्दल आहे. तुमची गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाऊन आली असेल, म्हणजे बंपर किंवा दार नवीन रंगवलं असेल, तर तो विषय वेगळा. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगातलं सॉल्व्हंट कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत असतं, त्यावर लगेच सीलंटचं (वॅक्ससारखाच रंग जपणारा, पण कृत्रिम पॉलिमरचा थर) झाकण बसवलं की ते आत कोंडतं आणि रंग मऊ राहतो किंवा धूसर पडतो. अशा पॅनलला साधारण ६० ते ९० दिवस काही लावू नका, नुसतं साध्या शाम्पूने धुवत रहा, आणि ज्याने रंगवलंय त्याला विचारा बेक केलंय का हवेवर वाळवलंय. कंपनीतून आलेला रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला हे लागू नाही.

लक्षणं

ऐकायला तक्रार एकच वाटते पण गाडी बघितली की वेगवेगळे प्रकार निघतात, आणि अर्धं उत्तर त्यातच असतं. तुमच्याकडे यातलं नक्की काय होतंय ते आधी बघा:

– पाणी टाकल्यावर अळवाच्या पानावर राहतात तसे गोल थेंब आधी व्हायचे, आता पाणी सपाट पसरतं. सगळ्या गाडीवर.

– तेच, पण फक्त बॉनेट आणि टपावर. दारांवर अजून थेंब होतायत.

– लावल्यापासूनच चिकट, धूसर. पुसलं की जातं, उन्हात नेलं की परत ढगासारखे पट्टे दिसतात.

– पॉलिश झालं तेव्हा आरसा होता, तीन-चार वॉशनंतर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे परत दिसायला लागले.

– पांढरे गोल डाग, थेंबाच्या आकाराचे, पुसून जात नाहीत.

– काळ्या प्लास्टिकवर, वायपरखाली, दाराच्या खालच्या पट्टीवर पांढरट डाग. (हा फॉल्ट नाही, हा हात आहे. वॅक्स प्लास्टिकवर लागलंय. मऊ ब्रश आणि पातळ केलेला ऑल पर्पज क्लीनर, दोनदा घासा, जाईल. पुढच्या वेळी आधी टेप लावा. विषय संपला.)

आता चेक.

आधी नुसती धुवून बघा

हसू नका. निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात. वॅक्स किंवा सीलंट असेल तर पाणी त्यावर टिकत नाही, गोळा होतं, पण त्या थरावरच जर धूळ, डिझेलचा धूर, रस्त्यावरचं तेलकट पाणी यांचा पापुद्रा बसला तर पाण्याचा संबंध त्या पापुद्र्याशी येतो, खालच्या वॅक्सशी येतच नाही. मग पाणी पसरतं आणि आपल्याला वाटतं वॅक्स गेलं. वॅक्स तिथेच आहे, झाकलं गेलंय. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक बांधकाम चालू, त्यामुळे हे दहा दिवसांत होतं.

तर सावलीत, गाडी थंड असताना, चांगल्या कार शाम्पूने एकदा नीट धुवा, धुवून झाल्यावर पाईपने पाणी सोडा आणि बघा. थेंब परत आले? मग तुमचं काही बिघडलेलं नाही, पुढचं वाचायचीही गरज नाही, शाम्पू लवकर लवकर करत जा एवढंच. खालच्या मजल्यावरच्या काकांनी याच कारणासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सीलंट आणून ठेवली होती. दोन्ही न उघडलेली अजून आहेत त्यांच्या कपाटात.

कुठे गेलंय त्याचा नकाशा काढा

हेही फुकट. धुतल्यावर प्रत्येक पॅनलवर पाणी टाकत गाडीभोवती एक फेरी मारा आणि कुठे थेंब होतायत, कुठे नाही ते बघा. मोबाईलमध्ये फोटो काढले तर अजून बरं.

बॉनेट आणि टप गेलाय, दारं ठीक आहेत: ऊन. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ४० ला टेकतो तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतो तो. कार्नोबा वॅक्स, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात ते मेण, शुद्ध असेल तर ८२ ते ८६ अंशांना वितळतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण शुद्ध कार्नोबा दगडासारखं कडक असतं, हाताने लागणारच नाही, म्हणून डब्यात ते तेल, सॉल्व्हंट आणि इतर मऊ मेणांबरोबर मिसळलेलं असतं आणि ते मिश्रण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मऊ पडलं की धूळ त्यात रुतते, पुढच्या वॉशला दोघं बरोबर निघून जातात. अशा गाडीला वॅक्स हेच चुकीचं औषध आहे, खाली येतोच त्यावर.

एकच बाजू गेलीये: त्या बाजूला काय आहे ते बघा. झाड आहे का? आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना माहितीये, मोहोराच्या दिवसात तुडतुडे जो गोड चिकटा सोडतात तो सगळा गाडीवर. वटवाघळं, कावळे, कबुतरं यांचं तर बोलायलाच नको, विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात सुकली की वॅक्सच काय, खालच्या क्लिअर कोटमध्येही, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातही, खड्डा पाडते. किंवा त्या बाजूला बांधकाम असेल तर सिमेंटची धूळ, ती अल्कलाइन, दवात भिजली की तीही थर खाते. बागेचं स्प्रिंकलर असेल तर पांढरे डाग त्याचेच.

फक्त खालचा भाग, दाराच्या खालून तीन-चार इंच: हे सगळ्यांचंच जातं. चाकाने उडवलेली वाळू आणि चिखल. सोडून द्या.

पाणी, फडकं, आणि गाडी पुसणारा

हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आणि इथे भांडण होतं, कारण घरी कुणालाच हे पटत नाही.

सोसायटीत महिन्याला पाचशे-सहाशे घेऊन एक जण सकाळी सहा ते आठात वीस गाड्या पुसतो. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर जाते. ती धूळ म्हणजे बारीक दगडच, ओल्या फडक्याखाली ती सँडपेपरचं काम करते. म्हणजे तुम्ही पैसे देऊन पॉलिश केलंत ते ओरखडे काढायला, आणि अजून पैसे देऊन तेच ओरखडे परत पाडून घेताय. त्या माणसाचा दोष नाही, त्याला वीस गाड्या आठच्या आत करायच्यात. मी आमच्या गाडी पुसणाऱ्या दादांना सांगितलंय, बाहेरून हात लावू नका, काचा आणि आतून करा, पैसे तेवढेच घ्या. पहिले दोन महिने ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघायचे.

दुसरं पाणी. खडकवासला धरणातून येणारं नळाचं पाणी तसं मऊ, त्याने फार त्रास नाही. पण आमच्यासारखं धायरी, नऱ्हे, उंड्री, वाघोली अशा पट्ट्यात टँकर नाहीतर बोअर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, थेंब गाडीवर सुकला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, तोच तो पांढरा गोल. गंमत अशी की वॅक्स चांगलं असेल तर हे जास्त होतं, कारण थेंब उंच आणि गोल राहतो, सगळे क्षार एकाच जागी गोळा होतात. आणि असे क्षार सगळीकडे साचले की त्यावर पाणी परत पसरायला लागतं. पाणी कसलंय ते बघायला यंत्र नको, बाथरूमच्या शॉवरची भोकं बघा. पांढरी होऊन बुजली असतील तर तेच पाणी गाडीवर जातंय.

उपाय: धुवून झाल्यावर गाडी आपोआप सुकू द्यायची नाही, मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने लगेच टिपून घ्यायची. घासायची नाही, टिपायची. ताजे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून कापडावर घ्या, डागावर अर्धा मिनिट ठेवा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. जातील. मात्र त्या जागेचं वॅक्सही जाऊ शकतं, तेवढं परत लावायला लागेल. आणि डाग व्हिनेगरनेही हलला नाही, नखाला खड्डा लागतोय, तर तो वर बसलेला डाग नाही, क्लिअर कोटमध्ये कोरला गेलाय. त्याचं पुढे.

मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकू नका प्लीज. आमच्याकडे आईने प्रेमाने सगळी कापडं कपड्यांबरोबर मशीनला लावून सुगंधी करून दिली होती. त्याचे धागे बुजतात, मग कापड पाणीही पीत नाही आणि वॅक्सही नीट उचलत नाही, नुसतं पसरवतं.

शाम्पू

भांड्याचा साबण वापरताय का? लिक्विड असो नाहीतर वडी. तो तेलकट कढई साफ करायला बनवलाय आणि वॅक्स त्याच्या दृष्टीने तेलकट कढईच. एका वॉशमध्ये सगळं जाईल असं नाही, पण चार-पाच वॉशमध्ये वॅक्सची वाट लागते. कार शाम्पू घ्या, पीएच न्यूट्रल लिहिलेला. वॉश अँड वॅक्स लिहिलेला शाम्पू असेल तर वाईट नाही, पण तो स्वतःचा पातळ थर सोडतो आणि मग तुम्हाला कळत नाही की थेंब दिसतायत ते सीलंटचे का शाम्पूचे. ही तपासणी चालू असेपर्यंत तरी साधा वापरा.

आता मुद्द्याचं: खाली पॉलिशचं तेल आहे का

इथवर सगळं ठीक निघालं, आणि तरी वॅक्स किंवा सीलंट पहिल्याच महिन्यात जातंय, किंवा पॉलिशनंतर ओरखडे परत उगवतायत, तर माझी पैज याच्यावर.

मशीनने पॉलिश करताना पॅड सुकू नये, घसरत रहावं म्हणून पॉलिशमध्ये तेलं असतात. काम झाल्यावर आपण कापडाने पुसतो पण तेलाचा पातळ थर राहतोच, आणि तो दिसत नाही, उलट त्याने गाडी अजूनच ओली-ओली चमकते. सीलंट हे पॉलिमर, त्याला रंगाला धरून बसायचं असतं, मध्ये तेल असेल तर ते तेलालाच धरतं. तेलाला काय पकड असणार, दोन वॉशमध्ये तेल गेलं की सीलंटही गेलं. तेल लावलेल्या भिंतीवर पोस्टर चिकटवल्यासारखं आहे हे. वॅक्सला हा त्रास कमी होतो कारण ते स्वतःच तेल-मेणाचं मिश्रण, नुसतं वर बसून राहतं. म्हणूनच कित्येकांचा अनुभव असा असतो की "माझं स्वस्तातलं वॅक्स दीड महिना टिकलं आणि महागडं सीलंट तीन आठवड्यात गेलं". सीलंट वाईट नव्हतं, त्याला खाली कोरा रंगच मिळाला नाही.

आणि ओरखड्यांचं म्हणाल तर ते परत आलेले नसतात, गेलेलेच नसतात. काही पॉलिश आणि ग्लेझमध्ये फिलर असतात, ते ओरखड्यात भरून बसतात, गाडी ताब्यात घेताना आरसा दिसते, तीन वॉशमध्ये फिलर निघून जातात. माझी स्वतःची पहिली पॉलिश अशीच झाली होती, गाव सांगत नाही, दुकान सांगत नाही. साडेतीन हजार गेले आणि काळी गाडी घेण्याचा मूर्खपणा मी केलेलाच होता त्यामुळे दिसलंही लगेच.

तपासायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, लोक आयपीए म्हणतात, केमिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. पूर्ण ताकदीचं असेल तर १ भाग त्यात ४ भाग पाणी, ७० टक्केवालं असेल तर १ ला अडीच भाग पाणी. दोन्हीकडे साधारण २० टक्के होतं. पाणी बोअरचं नको, गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. कडक वापरू नका, त्याने क्लिअर कोट तात्पुरता फुगतो-मऊ पडतो आणि पुसतानाच ओरखडे पडतात. हँड सॅनिटायझर चालेल का असं तिघांनी विचारलंय. नाही. त्यात ग्लिसरीन असतं, तुम्ही एक तेलकट थर काढून दुसरा लावाल. आणि हे पेट घेतं, त्यामुळे जवळ उदबत्ती, सिगरेट काही नको, हातात ग्लोव्ह्ज घाला.

बॉनेट धुवून कोरडं करा, मधोमध मास्किंग टेप लावा. एका बाजूला आयपीए कापडावर मारून पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा, असं दोनदा. दुसरी बाजू तशीच ठेवा. आता उन्हात किंवा मोबाईलच्या टॉर्चने बघा. पुसलेल्या बाजूला ओरखडे एकदम वर आले तर तुमच्या पॉलिशमध्ये फिलर होते, प्रश्न वॅक्सचा नाहीच. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर छान, आता तुमच्याकडे आहे तेच सीलंट दोन्ही बाजूंना लावा, टेप काढा आणि तीन-चार आठवडे वापरा. पुसलेली बाजू टिकली आणि दुसरी गेली, झालं, निदान पक्कं. दोनशे-तीनशे रुपयांत कळलं. मग सगळी गाडी आयपीएने पुसून परत लावा. (काही पॉलिशवर तेल-सिलिकॉन नाही असं लिहिलेलं असतं, तरी मी पुसतोच.)

लावायची पद्धत

चिकट आणि धुरकट पट्ट्यांवाले इथे या.

पहिलं, जास्त लावताय. सगळेच जास्त लावतात, मीही लावायचो, वाटतं की जाड थर म्हणजे जास्त टिकणार. रंगाला जेवढं धरायचं तेवढंच धरतं, वरचं सगळं पुसण्यातच जातं आणि नीट पुसलं नाही तर पट्टे. अख्ख्या बॉनेटला दोन रुपयाच्या नाण्याएवढं सीलंट भरपूर होतं. लावल्यावर जेमतेम दिसलं पाहिजे.

दुसरं, पुसायची वेळ. घड्याळ बघू नका, बोट फिरवून बघा. बोटाच्या खाली रंग स्वच्छ चमकला तर पुसा, सारवल्यासारखं झालं तर थांबा. पावसाळ्यात पुण्यात हवा दमट असते, डब्यावर १० मिनिटं लिहिलं असेल तर अर्धा तासही लागतो. मार्चमध्ये तेच पाच मिनिटांत. आणि गरम पत्र्यावर कधीच नाही, लावता लावता वाळतं आणि मग ते काढायला खांदा जातो.

तिसरं, आणि हे सीलंटवाल्यांसाठी फार महत्त्वाचं, वाळायला वेळ द्या. बऱ्याच सीलंटना १२ ते २४ तास पाणी लागलेलं चालत नाही, पॉलिमर एकमेकांत जुळायला तेवढा वेळ घेतात. मेव्हण्याची गाडी आम्ही मे महिन्यात रविवारी दिवसभर खपून केली, संध्याकाळी पाचला हात झटकले, आणि साडेसहाला वळीव. गाराच नव्हत्या तेवढ्या. तीन आठवड्यात टपावरचं सगळं गेलं आणि तो अजून म्हणतो की तुझं सीलंट डुप्लिकेट होतं. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास, पाऊस नाही पण पहाटे गाडीवर दव साचतं, तेही पाणीच. त्यामुळे आत लावायची सोय नसेल तर सकाळी लवकर करा, दिवसभर मिळू द्या. माझ्या मते सगळ्यात चांगला काळ दसऱ्यानंतरचा, पाऊस संपलेला, हवा कोरडी, ऊन बेताचं. खंडेनवमीची पूजाही तोवर होऊन गेलेली असते, नाहीतर ताज्या पॉलिशवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक निघतं आणि त्याला कुठलं सीलंट पुरत नाही. आमच्याकडे तडजोड झालीये, हळदीकुंकू नंबरप्लेटला.

मग आता कुठलं घ्यायचं

इथवर सगळं तपासून झालं असेल तर आता बाटलीबद्दल बोलू. निवड चमक बघून करू नका, गाडी रात्रंदिवस कुठे उभी असते ते बघून करा.

बेसमेंट पार्किंग, गाडी शनिवार-रविवारची, आणि तुम्हाला घासत बसायला आवडतं: कार्नोबा पेस्ट वॅक्स. लाल, काळ्या, मरून रंगावर त्याची जी खोल ओली चमक येते ती मला तरी दुसऱ्या कशात दिसली नाही. चार ते आठ आठवडे, आपल्याकडे उन्हाळ्यात चारच धरा. आयपीए नाही पुसलं तरी निभावतं.

दिवसभर हिंजवडीला उघड्या पार्किंगमध्ये, रात्री सोसायटीत झाडाखाली: सिंथेटिक सीलंट. चार ते सहा महिने नीट टिकतं, उन्हाला दाद देत नाही. चमक थोडी काचेसारखी, कोरडी वाटते, पांढऱ्या-सिल्व्हर गाडीवर तर तीच चांगली दिसते. अट एकच, खाली कोरा स्वच्छ रंग. चमक हवीच असेल तर सीलंटनंतर एक दिवस थांबून वरून वॅक्स लावा. उलटं करू नका, वॅक्सवर सीलंट म्हणजे परत तीच तेलावरच्या पोस्टरची गोष्ट.

वेळच नाही, पण गाडी महिन्यातून दोनदा तरी स्वतः धुता: सिलिकावालं स्प्रे सीलंट. ओल्या नाहीतर कोरड्या गाडीवर मारायचं, पुसायचं, वीस मिनिटांत काम. दोन-तीन महिने. काळे पट्टे पडतात थोडे, दुसरं कापड फिरवा.

सिरॅमिक कोटिंग वर्षानुवर्षं टिकतं हे खरं, पण त्याखाली जो ओरखडा राहिला तो कोटिंगखाली राहिला, काढायचा तर आधी कोटिंग घासून काढा. त्याला तयारी दहापट लागते आणि नंतर साधारण आठवडाभर धुवायची नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने घरी करू नये असं माझं मत, मी स्वतः एकदा वेळेत पुसलं नाही आणि फेंडरवर कडक झालेले डाग पॉलिशने काढत बसलो होतो.

डब्यावर क्लीनर वॅक्स असं लिहिलं असेल तर लक्ष द्या, त्यात हलकं घासणारं द्रव्य नाहीतर सॉल्व्हंट असतं. जुन्या मळकट रंगाला ठीक, पण तुमच्या आधीच्या सीलंटवर मारलंत तर ते निघून जाईल.

पृष्ठभाग खरखरीत लागत असेल तर

प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घाला आणि धुतलेल्या बॉनेटवरून हलकेच बोटं फिरवा. पिशवीमुळे बारीकसारीक कणही हाताला लागतात. वाळूसारखं लागलं तर त्यात बहुतेक लोखंडाचे कण घुसलेत, ब्रेकची धूळ असते ती, रेल्वेलाइनजवळ किंवा भोसरी-चाकणच्या कारखान्यांजवळ लावलेल्या गाड्यांना जास्त. त्यावर काहीही लावलं तरी ते नीट बसणार नाही. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात, लोखंडाशी रिअॅक्शन होते ती. वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. तरी खरखर राहिली तर क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर शाम्पूचं पाणी मारत, अजिबात जोर न लावता. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, पुसून वापरू नका, मी वापरला होता.

आता वाईट बातमी. क्लेने बारीक ओरखडे पडतातच, म्हणजे परत हलकं पॉलिश आलं. म्हणून हे शेवटी ठेवलंय.

इथे थांबा, माणूस बोलवा

गाडीचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, डोक्याचा केस साधारण ७०. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं कायमचं घेऊन जातं. तुमची नुकतीच एकदा पॉलिश झालीये, त्याआधी किती झाली माहिती नाही, सेकंड हँड असेल तर अजिबातच नाही. त्यामुळे परत मशीन फिरवायचा मोह झाला तर थांबा, आणि खालचं काही दिसलं तर नक्कीच थांबा.

ओरखड्यात किंवा डागात नख अडकतंय. ते वॅक्सने झाकणार नाही आणि पॉलिशने काढायचं तर किती खोल ते मोजायला लागतं.

कडांवर, टपावर पांढुरके चट्टे, सालपटं निघाल्यासारखी. क्लिअर कोट गेलाय. जगातलं कुठलंही सीलंट आता काही करू शकत नाही, ते पॅनल रंगवायलाच लागणार. त्यावर पैसे घालू नका.

पांढऱ्या कापडाला गाडीचा रंग लागतोय. जुन्या सॉलिड कलरच्या गाड्यांना वर वेगळा क्लिअर कोट नसायचा, त्यांना थोडा रंग येणं साहजिक आहे. पण मेटॅलिक रंगाच्या किंवा नव्या गाडीला येत असेल तर क्लिअर संपून खालचा रंग उघडा पडलाय.

उन्हात गाडी हलली की मासोळीसारखे चमकते पट्टे हलताना दिसतात. रोटरी (एकाच जागी गोल फिरणाऱ्या) पॉलिश मशीनने घाईत मारलेल्या हाताचे आहेत ते, घरी हाताने जात नाहीत.

माणूस निवडताना दोनच गोष्टी विचारा. पेंटची जाडी मोजायचं गेज आहे का, आणि असेल तर माझ्यासमोर बॉनेट, टप, दोन्ही दारं मोजून आकडे लिहून द्याल का. एखाद्या पॅनलचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला तर ते पूर्वी रंगवलंय, तिथे हात हलका ठेवायला सांगा. बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर तिथे मशीन लावूच देऊ नका. मग अख्ख्या गाडीचे पैसे ठरवायच्या आधी एक पॅनल करून घ्या, ते आयपीएने पुसायला सांगा आणि गाडी उन्हात काढून बघा. एका दुकानात हे म्हटल्यावर मालक म्हणाला, "साहेब, एवढा विश्वास नसेल तर कसं होणार." मी गाडी उन्हात काढली ती तशीच पुढे नेली. दुसऱ्याने काही न बोलता बाटली आणली आणि पुसून दाखवलं. गाडी आता त्याच्याकडेच जाते, वर्षातून एकदा, बाकी सगळं मी घरी करतो.